ईएल८४ चा घरगुती अॅम्प: बी प्लस (मुख्य डीसी पुरवठा) कमी आणि कॅथोडला ११ च्या वर व्होल्ट, प्लेट लाल होतेय

खरखर_रेडिओ:
नमस्कार मंडळी. घरीच ईएल८४ (आउटपुटचा व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूब) चा सिंगल एंडेड (एकाच आउटपुट ट्यूबचा) अॅम्प बांधलाय, एकच चॅनल, त्याच्या आधी ईसीसी८३ या जोड ट्यूबचा अर्धा भाग, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ईझेड८१ ही ट्यूबच. ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० चा, वाइंडरकडून गुंडाळून घेतलाय. आवाज येतोय पण फाटलेला, आणि थोड्या वेळाने ईएल८४ ची प्लेट मधोमध लालसर दिसायला लागते म्हणून लगेच बंद करतो.
काळी प्रोब चासीला लावून डिजिटल मीटरने घेतलेली रीडिंग देतो. पहिल्या कंडेन्सरवर, म्हणजे बी प्लस, २३२ (सर्किटमध्ये २६५ लिहिलंय), पिन ७ प्लेट २११, पिन ९ स्क्रीन २२२, पिन ३ कॅथोड ११.४. कॅथोडचा रेझिस्टर १५० ओहम आहे, एक पाय सोडवून मोजला, बरोबर आहे. ईसीसी८३ ची प्लेट १३०. हीटर ६.९ एसी. कपलिंग कंडेन्सर (ईसीसी८३ ची प्लेट ते ईएल८४ ची ग्रिड) जुन्या रेडिओतून काढलेला कागदी आहे, दिसायला एकदम व्यवस्थित.
ट्रान्सफॉर्मरला वेढे कमी दिलेत का? परत नेऊन देऊ का?

सोल्डर_सांगली:
मला तर ईझेड८१ म्हातारी झालेली वाटतेय. ती काढा आणि तात्पुरते दोन १एन४००७ डायोड लावून बघा, व्होल्टेज वर आलं की कळेलच.

ग्रिडलीक:
डायोड प्लीज लावू नका! २५० चं शिखर साडेतीनशेच्या आसपास जातं, आणि डायोड व्हॉल्व्ह गरम व्हायची वाट बघत नाही, चालू केल्या केल्या सगळं व्होल्टेज कंडेन्सरवर येतं. शिवाय रेक्टिफायर कमजोर असता तर बी प्लसबरोबर कॅथोडचं व्होल्टेजही खाली आलं असतं. इथे उलटं आहे, बी प्लस खाली आणि कॅथोड वर.
११.४ भागिले १५० म्हणजे ७६ मिलिअँप. डेटाशीटमध्ये प्लेट आणि स्क्रीन दोन्ही २५० वर असताना ग्रिड बायस (ग्रिड कॅथोडपेक्षा जितकी खाली असते ते) ७.३ व्होल्ट आणि करंट प्लेटचा ४८ अधिक स्क्रीनचा ५.५ असा दिलाय, म्हणजे तुमची ट्यूब जवळपास दीडपट ओढतेय आणि त्या ओझ्यानेच बी प्लस बसलाय. ट्रान्सफॉर्मर तर उलट जास्तच देतोय, हीटर बघा ना, ६.३ च्या जागी ६.९. तुमच्याकडे मेन्स किती येतं तेही मोजा.
आता पिन २, म्हणजे ग्रिड (करंट आवरणारी जाळी) मोजा. तिथे शून्य हवं. पॉझिटिव्ह काही दिसलं तर बंद करून, फिल्टर कंडेन्सर १०० के च्या २ वॅट रेझिस्टरने डिस्चार्ज करून, मीटरने शून्य झाल्याची खात्री करून मगच कपलिंग कंडेन्सरचा ग्रिडकडचा पाय सोडवा. ग्रिड लीक रेझिस्टरला (ग्रिड ते चासी) हात लावू नका, तो जागेवरच पाहिजे. परत चालू करून मोजा. ग्रिड शून्यावर आली तर दोष कंडेन्सरचा, तरीही पॉझिटिव्हच राहिली तर ट्यूबमध्ये गॅस झालाय. मोजताना एक हात खिशात, हे खरंच पाळा.

खरखर_रेडिओ:
ग्रिडवर चक्क +७.५ निघाले! पाय सोडवल्यावर ग्रिड शून्य, कॅथोड ८.१, बी प्लस २८८, लाली पूर्ण गेली. सुट्ट्या पायाला सहज मीटर लावला तर तिथे ९० व्होल्ट, आता ईसीसी८३ ची प्लेट १६० आहे. ग्रिडला फक्त ७.५ होते आणि इथे ९० कसे? मेन्स २४५ आहे, ट्रान्सफॉर्मर २२० वर गुंडाळलाय, प्रायमरीला दोनच वायरी आहेत.

ग्रिडलीक:
कंडेन्सर सात-आठ मेगओहमच्या रेझिस्टरसारखा वागतोय. तो ४७० के च्या ग्रिड लीकला जोडलेला असताना थोडेच व्होल्ट दिसतात, पण सुटल्यावर खाली फक्त मीटरच्या आतले १० मेगओहम उरतात म्हणून अर्ध्याहून जास्त व्होल्टेज तिथे येतं. चांगला कंडेन्सर अशा वेळी क्षणभर उसळून शून्याकडे जातो. कागदी कंडेन्सर आपल्या दमट हवेत असेच गळतात, वरून मेण कितीही तुकतुकीत दिसो, आणि मीटरची कपॅसिटन्स रेंज त्याला पास करते कारण ती फार कमी व्होल्टवर मोजते. रेडिओतून काढलेले आणखी कागदी कुठे लावले असतील तर तेही काढा. इथे ०.०२२ मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन लावा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो.
पण २८८ वर थांबू नका. प्लेट ते कॅथोड साधारण २६५ आणि करंट ४८ धरला तर पावणेतेरा वॅट होतात, ट्यूबची मर्यादा १२ आहे.

सोल्डर_सांगली:
बरोबर, तुमचा मुद्दा पटला, रेक्टिफायर ठीकच आहे. मेन्ससाठी माझ्याकडे चाललेला उपाय सांगतो, १२ व्होल्ट १ अँपचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्या, त्याची प्रायमरी मेन्सवर, आणि सेकंडरी अॅम्पच्या फेज वायरीत उलट्या फेजने सिरीजमध्ये. २४५ चे २३२ च्या आसपास होतात, त्यामुळे हीटर साडेसहावर आणि बी प्लस २७३ च्या जवळपास येतो. मग कॅथोडला १५० च्या जागी १८० ओहम २ वॅट टाका म्हणजे ट्यूब आरामात चालेल. फ्यूज या सगळ्याच्या आधी हवा. जोडणी झाली की आधी अॅम्प न लावता मीटरने मोजा, २५८ दिसले तर सेकंडरीची टोकं उलटी लागलीत, बंद करून प्लग काढून अदलाबदल करा.