शाळेच्या वेळेबाहेरचा सराव: पीटीच्या सरांनी फी घ्यावी की नाही?

फक्कीवाला_सर (धागाकर्ता)
घणसोलीजवळच्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये पीटी शिकवतो. पीटी नावाला. वेळापत्रकात माझ्या वाट्याला आठवीचा भूगोलही आहे आणि कोणी रजेवर गेलं की तो तास आधी माझ्या गळ्यात पडतो. शाळा दुपारची, म्हणून मुलींच्या कबड्डीचा सराव सकाळी साडेसहाला सिडकोच्या मोकळ्या मैदानावर. स्पर्धेचा हंगाम येतो तो ऐन पावसात. फक्की मारून रेषा आखाव्यात, तर एक सर आली की मध्यरेषा कुठली आणि बोनस रेषा कुठली हे मलाच आठवून सांगावं लागतं.

काही पालक आपणहून म्हणाले, सर, महिन्याला 300 रुपये देतो, घ्या. मुख्याध्यापकांनी नकार दिला. माझं मत विचाराल तर घ्यावेत, पण रीतसर पावतीवर. रविवारी निवडणुकीचं काम लावलं तर भत्ता मिळतो. त्याच रविवारी मुलींना घेऊन सामन्याला गेलं तर रिक्षा, लिंबूपाणी, क्रेप बँडेज, सगळं सरांच्या खिशातून. तुमचं काय म्हणणं?

कोपरखैरणेची_आई
सर, राग मानू नका, पण माझा विरोध आहे. माझी मुलगी चढाई करते. मिस्टर तुर्भ्याच्या मार्केटात हमालीला आहेत. 300 जमतीलही एखाद्या महिन्यात, पण दर महिन्याला नाही. आणि पैशाचं सोडा. संघात 12 जणी, मैदानात 7. उरलेल्या 5 जणींच्या आया उद्या विचारणार, आम्ही फी भरतो मग आमची पोरगी बाकावर का? तेव्हा काय उत्तर देणार? आज तुम्ही जिला खेळवता ती चांगली खेळते म्हणून, एवढं तरी सगळ्या मानतात.

ऐरोलीचा_नवशिक्षक
ताई, मुद्दा बिनतोड आहे, पण सरांची बाजूही बघा. मी माध्यमिकला शिक्षण सेवक आहे. 3 वर्षं मानधनावर. 2023 पर्यंत हे मानधन 8,000 होतं, आता 18,000 आहे. त्यातले निम्मे खोलीच्या भाड्यात जातात. सकाळचे दोन तास शिकवणी घेतली असती तर चार पैसे सुटले असते, ते मी खो-खोला देतो. हौस आहे म्हणून देतो. पण लग्न ठरल्यावर ही हौस किती टिकेल ते माहीत नाही.

कलमावर_बोट
शिकवणी घेतली असती?! शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 28 वाचा. शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. आठवीपर्यंतच्या मुलांच्या बाबतीत तरी हे स्पष्ट आहे. कबड्डीचं कोचिंग म्हणजे शिकवणी नव्हे, असा युक्तिवाद कराल, पण कोणी तक्रार केली तर चौकशी लागेल ती सरांना. मुख्याध्यापकांनी योग्यच केलं.

फक्कीवाला_सर
28 पाठ आहे, आता एक पायरी खाली उतरा. कलम 27 म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. ते कोण पाळतं? कायदा माझ्याच बाबतीत इतका जागा का असतो?

कलमावर_बोट
27 मोडलं जातं म्हणून 28 मोडायचं?

मॅटवाला
मी खासगी अकादमीत शिकवतो. महिना 1,500 घेतो आणि उघडपणे घेतो. शाळेच्या सरांबद्दल आदर आहे, पण एक बोलतोच. स्पर्धा आता मॅटवर होतात आणि बऱ्याच शाळांचा सराव अजून मातीवर. मातीवर पाय सरकतो, म्हणून मुली वळताना टाच ओढत नेतात. मॅटवर तीच टाच अडकते, अंग पुढे जातं आणि गुडघा फिरतो. असे गुडघे माझ्याकडे येतात. मॅटला पैसा लागतो, तो आणायचा कुठून? फुकटच्या सेवेचं कौतुक करणाऱ्यांनी त्या पोरींच्या गुडघ्याकडेही बघावं.

कोपरखैरणेची_आई
म्हणजे ज्यांच्याकडे 1,500 नाहीत त्यांच्या मुलींनी खेळूच नये का? तुमच्या अकादमीत किती हमालांच्या पोरी आहेत?

मॅटवाला
दोघी. त्यांची फी माफ केलीय. सगळ्यांची करू शकत नाही, मॅटचं भाडं मलाही भरावं लागतं.

निवृत्त_हेडसर_ठाणे
भांडू नका. मूळ दुखणं वेगळंच आहे. याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या 100 च्या वर असेल तर, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. अंशकालीन! म्हणजे खेळाचा माणूस अर्धा, हे कागदावरच ठरलेलं. संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरतात तेव्हा, एखादं पद जायचं झालं की आधी कुणाकडे बोट जातं ते मी भोगलंय. पीटीच्या सरांना भूगोल का द्यावा लागतो, हेही त्यातूनच समजा.

पैशाबद्दल माझा सल्ला: सरांनी हातात एक रुपयाही घेऊ नये. शिक्षक-पालक संघाने क्रीडा निधी काढावा. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यावं आणि कोणी किती दिले ते सरांना कळूच नये. त्यातून प्रवास, बँडेज, गुडघ्याचे पॅड, मॅटचं भाडं भागवावं.

ऐरोलीचा_नवशिक्षक
हेडसर, युक्ती छान, पण यात सरांच्या वेळेचे पैसे कुठे आले? पॅड आले, रिक्षा आली. सर परत फुकटच!

निवृत्त_हेडसर_ठाणे
वेळेचे पैसे शासनाने द्यायचे, पालकांनी नव्हे. आणि शासन देत नाही म्हणून पालकांकडे हात पसरला की शासन कायमचं सुटलं.

दिवाळ्याची_डावी_कोपरा
मी अशाच एका सरांकडे खेळले. फी नव्हती. खेळाचे सवलतीचे गुण दहावीला मिळाले, ते ठीक. पण सर बदलून गेले तेव्हा शाळेतली कबड्डी त्याच वर्षी बंद पडली, कारण ती शाळेची नव्हतीच, त्या एकट्या माणसाची होती. मागे राहिल्या त्या सातवी-आठवीच्या मुलींना घोट्याची पकड कोणी शिकवलीच नाही. मला हेडसरांचं पटतं, पण अर्धंच. निधीतून सरांना ठरावीक मानधन द्या, शाळेच्या ठरावाने. उद्या सर गेले तरी ते मानधन त्या जागेला राहील, दुसरा कोणी येईल.

कलमावर_बोट
ठराव झाला तरी खर्चाचा हिशेब लेखापरीक्षणात निघणार. मानधन कुठल्या शीर्षाखाली दाखवणार?

निवृत्त_हेडसर_ठाणे
शाळेच्या खात्यात आणलंच नाही तर शाळेच्या लेखापरीक्षणात येत नाही. संघाचं खातं वेगळं ठेवा, संघाचा हिशेब पालकांसमोर वाचा. मानधनाचं मात्र मला अजून पटत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांना आधी लेखी विचारा, उत्तर येईपर्यंत हात लावू नका.

कोपरखैरणेची_आई
मानधनाला माझी हरकत नाही. फक्त यादी सरांना दाखवायची नाही, एवढी एक अट. ती असेल तर मी दर महिन्याला 50 रुपये टाकीन.

फक्कीवाला_सर
ताईंची अट मान्य. शनिवारच्या पालकसभेत निधीचा विषय मांडतो. मानधनाचं बोलणार नाही, मी स्वतः बोललो तर शोभणार नाही. कोणा पालकाने काढलं तर काढू दे.

मॅटवाला
हेच तर दुखणं आहे सर. स्वतःच्या कष्टाचं स्वतः बोलायला लाजता, म्हणून दुसरंही कोणी बोलत नाही. असो. मॅट रविवारी सकाळी 7 ते 9 रिकामं असतं. मुलींना घेऊन या, भाडं नको. निधी जमला की बघू.