कडा गुळगुळीत आहेत म्हणून लगेच माको म्हणू नका

कडेला करवतीसारखे दाते नाहीत, म्हणून तुम्हाला सापडलेला जीवाश्म दात माको शार्कचा असावा, हा तुमचा अंदाज मला घाईचा वाटतो. वाळूपाण्यात घासल्या गेलेल्या दाताचे हे बारीक दाते फार लवकर झिजतात. मग मेगालोडॉनचा (नामशेष झालेल्या महाकाय शार्कचा) दातही बोटाला गुळगुळीतच लागतो.

दहापट भिंग घ्या, दात तिरप्या उजेडात धरा आणि कडेचा मुळाजवळचा भाग सावकाश पाहा. तिथे झीज बहुधा टोकापेक्षा कमी असते. बारीक, एकसारख्या खाचा सापडल्या तर माको बाद. मग फुगीर बाजूला, मुकुट (दाताचा चकचकीत, टोकाकडचा भाग) आणि मूळ यांच्या मध्ये, वेगळ्या रंगाचा पट्टा आहे का बघा. मेगालोडॉनमध्ये तो चांगला रुंद असतो. दात सडपातळ असून बाजूला छोटी टोकं तुटल्याच्या खुणा असतील, तर सँड टायगर शार्कचाही विचार करा.

काळ्या रंगावरून वय ठरवू नका, तो रंग गाळातल्या खनिजांमुळे येतो. आणि कृपया व्हिनेगरमध्ये बुडवू नका! दात फॉस्फेटचा असतो, आम्लाने उरलासुरला तपशीलही जाईल. मऊ ब्रश आणि पाणी पुरे.

शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो टाकाल का? मूळ नीट दिसू द्या.