सहावी ते आठवीच्या मुलांकडे शाळेत नक्की कोण बघतं?

उंबरठा

प्राथमिकला एकच बाई किंवा सर दिवसभर वर्गावर असतात. कोण रुसलंय, कोणाला झोप येतेय, कोणाचं घरी काही बिनसलंय, सगळं त्यांना न विचारता कळतं. सहावीत गेलं की प्रत्येक तासाला नवा चेहरा. वर्गशिक्षक असतात, पण बहुतेक ठिकाणी त्यांचं काम हजेरी आणि निकालपत्रक. म्हणजे मूल वयात येतंय, मित्र बदलतायत, अभ्यास अवघड होतोय, आणि नेमकं तेव्हाच त्याला पूर्ण ओळखणारं शाळेत कोणी उरत नाही.

माझं मत सांगतो. शंभर-सव्वाशे मुलांचा एक चमू करावा आणि गणित, विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्र यांचे तेच चार शिक्षक त्या चमूला द्यावेत. प्रत्येक मुलाला एक पालक-शिक्षक असावा, म्हणजे त्याच्याकडे खास लक्ष ठेवणारा एक शिक्षक, तोही तिन्ही वर्षं तोच. सगळ्यात महत्त्वाचं, त्या चौघांना आठवड्यातून निदान दोनदा एकाच वेळी रिकामा तास मिळावा. बाकी काही जमलं नाही तरी हे शेवटचं हवंच.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९०९ साली ओहायोतल्या कोलंबसमध्ये पहिली ज्युनिअर हायस्कूल, म्हणजे साधारण सातवी ते नववीची वेगळी शाळा, निघाली. पुढे अशा शाळा हायस्कूलची धाकटी नक्कल होऊन बसल्या, तेव्हा १९६३ मध्ये शिक्षणतज्ज्ञ विल्यम अलेक्झांडर यांनी या वयासाठी वेगळ्या धाटणीची शाळा मांडली. अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेच्या १९८९ च्या अहवालानेही मोठ्या शाळेत छोटे गट करा, प्रत्येक मुलाला नीट ओळखणारा एक तरी मोठा माणूस असू द्या, असंच सांगितलं.

एकत्र बसून काय साधतं? गणिताच्या बाई म्हणतात, याची वही कायम अर्धवट, आळशी आहे. विज्ञानाचे सर म्हणतात, तोंडी विचारा, सगळं येतं. भाषेच्या बाई म्हणतात, सारखा शेजारच्याच्या वहीत बघतो. तीन शिक्षक, तीन शेरे. तिघं एका टेबलाशी बसले की पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतं, अहो, याला फळ्यावरचं दिसतंय का?

तिरकस

असहमत. कागदावर छान दिसतं. पालक-शिक्षकाने आपल्या मुलांसोबत बसायचा हा 'पालक-शिक्षक तास' प्रत्यक्षात कसा चालतो? पहिला महिना उत्साह, मग 'आज स्वच्छतेवर बोलूया', मग मुलं राहिलेला गृहपाठ उरकतात आणि शिक्षक पेपर तपासतात. रोज वीस मिनिटं धरली तर १८० दिवसांचे साठ तास झाले. एवढ्या वेळात ज्यांना अपूर्णांक येत नाहीत त्यांचे अपूर्णांक पक्के होतील. मुलाला आधार द्यायचाय ना? मग त्याला नीट शिकवा. बाराव्या वर्षी निम्मी घालमेल 'मला काहीच जमत नाही' यातून येते.

आणि तीन वर्षं तोच शिक्षक? पटलं नाही तर? सहावीत एकदा 'वात्रट' असा शिक्का बसला की आठवीपर्यंत पुसायची सोय नाही. दरवर्षी नवा शिक्षक म्हणजे दरवर्षी कोरी पाटी, याचंही मोल असतं.

फळा_खडू

मी या वर्गांना शिकवते, आमच्याकडे चमू पद्धत आहे. दोघांचंही थोडं खरं आहे. तिरकस यांनी वर्णन केलेला तास मी पाहिलाय. पालक-शिक्षकाच्या हातात काहीच ठोस नसतं तेव्हा तो तसाच होतो.

आमच्याकडे ठोस म्हणजे दोन गोष्टी. पहिली, सगळ्या विषयांच्या चाचण्यांचं एकच कॅलेंडर. चौघांनी मिळून ठरवायचं की एका दिवशी दोन चाचण्या नाहीत आणि प्रकल्पांच्या तारखा एकाच आठवड्यात आपटणार नाहीत. साधं वाटतं, पण याआधी कुठल्याच शिक्षकाला दुसऱ्याने काय दिलंय हे माहीत नसायचं. रात्री जागून रडणारी मुलं यातच सर्वात जास्त वाचली, समुपदेशनाने नंतर.

दुसरी, बैठकीत विषयवार तक्रारी मांडायच्या नाहीत, एकेका मुलाचं नाव घ्यायचं आणि चौघांनी त्याच्याबद्दल बोलायचं. नाहीतर त्याच पाच उपद्रवी मुलांवर तास संपतो आणि गप्प बसणारं मूल वर्षभर कोणाच्या तोंडी येत नाही. वहीत नावांपुढे तारीख टाकतो. कोणाच्या नावापुढे बरेच दिवस तारीख नाही, हे दिसलं की त्याचा नंबर आधी.

आता दुखणं. गणितात पुढे असलेल्या मुलांच्या वरच्या गणिताचा एकच वर्ग असतो आणि तो वेळापत्रकात एकाच ठिकाणी बसतो. त्या मुलांचे बाकीचे तासही मग एकत्र येतात. बघता बघता एक चमू हुशारांचा आणि दुसरा 'उरलेल्यांचा' होतो. कोणी ठरवून केलेलं नसतं, मुलांना मात्र पहिल्या आठवड्यात कळतं.

जुनाभिडू

तुम्ही सगळे ठिगळं लावताय. मुळात या तीन वर्षांची वेगळी शाळाच कशाला? न्यूयॉर्क शहरातल्या मुलांवर रॉकॉफ आणि लॉकवूड यांचा २०१० चा अभ्यास आहे. जी मुलं वेगळ्या मिडल स्कूलमध्ये गेली, त्यांचे गुण बालवाडीपासून आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्यांच्या तुलनेत घसरले. फ्लोरिडाच्या आकडेवारीवरून श्वेर्ट आणि वेस्ट यांनाही तसंच दिसलं. मूल एका जागेवरून उपटायचं आणि मग त्याला आधार कसा द्यायचा यावर चर्चा करायची!

उंबरठा

@जुनाभिडू, अभ्यास मान्य. पण ज्यांची इमारत बदलत नाही त्यांचाही सहावीत वर्गाचा कारभार बदलतोच, आणि माझा मुद्दा त्या कारभाराचा आहे. फिनलंडमध्ये नऊ वर्षांचं शिक्षण सलग आहे, तरी साधारण सहावीपर्यंत वर्गशिक्षक आणि सातवीपासून विषयशिक्षक हा सांधा तिथेही आहे. तिथे सातवी ते नववीत मार्गदर्शनाला वेळापत्रकात स्वतंत्र तास आहेत. उरलेल्या वेळात उरकायचं काम नाही ते.

@तिरकस, 'नीट शिकवा' म्हणजे विषयतज्ज्ञ आणा, एवढ्याने भागत नाही. रोलंड फ्रायर यांनी ह्यूस्टनमधल्या प्राथमिक शाळांत शिक्षकांना विषय वाटून देऊन पाहिले, २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. गुण वाढायच्या ऐवजी घटले. शिक्षक मुलांना कमी ओळखू लागले, हे त्यांनी सुचवलेलं एक कारण.

तिरकस

प्राथमिक शाळांत! तुम्हीच लिहिलंत. आठवीचं बीजगणित आणि तिसरीची बेरीज यांना एकाच तराजूत तोलू नका. आठवीला विषय पक्का असलेलाच शिक्षक हवा, त्याला मुलाचा वाढदिवस माहीत नसला तरी चालेल.

उंबरठा

विषयशिक्षक काढा असं मी कुठे म्हटलं? चार विषयांचे चार शिक्षक मीच मागितलेत. त्या चौघांची मुलं एकच असावीत, इतकंच. आज गणिताच्या बाई सहा तुकड्यांना शिकवतात, विज्ञानाचे सर भलत्याच सहा. त्यांनी भेटून बोलायचं तरी कोणाबद्दल?

सायली_का

पालक म्हणून लिहिते. मला ही सगळी जवळीक थोडी धास्तीचीच वाटते. माझी मुलगी पालक-शिक्षिकेला विश्वासाने काही सांगेल आणि ते चौघांच्या बैठकीत वाचलं जाईल? 'गप्प गप्प असते' इथपर्यंत ठीक. त्यापुढचं समुपदेशकाचं काम आहे, आणि त्याला तसं शिक्षण असतं. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक समुपदेशक असावा म्हणते. तो नेमायला पैसे लागतात म्हणून शाळा शिक्षकालाच अर्धा समुपदेशक बनवतात आणि त्याला 'आपुलकी' म्हणतात. शिक्षकावरही हा अन्यायच.

फळा_खडू

@सायली_का, बरोबर आहे, आणि शिक्षकांनाही हेच टोचतं. आम्ही पाळतो ती रेघ अशी: बैठकीत फक्त शाळेत दिसलेलं बोलायचं. डबा खात नाही, बाक बदलून मागितला, तीन दिवस वही नाही. मुलाने सांगितलेलं बोलायचं नाही. त्याच्या जिवाला धोका वाटला तर मात्र बैठकीची वाट न बघता त्याच दिवशी समुपदेशकाकडे, आणि हे मुलांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवायचं.

@तिरकस, शिक्का बसण्याची भीती खरी आहे. म्हणून आमच्याकडे पालक-शिक्षक तीन वर्षं तोच, पण मुलाने किंवा पालकाने मागितला तर कारण न विचारता बदलून. फार थोडे मागतात.

तिरकस

कारण न विचारता बदल, हे आवडलं. साठ तासांचा हिशोब मात्र अजून कोणी दिलेला नाही. पालक-शिक्षकाचा तास आठवड्यातून एकदा करा, उरलेला वेळ कच्च्या मुलांच्या गणिताला द्या, मग मी विरोध सोडतो. आणि तुमच्या त्या समान रिकाम्या तासाचं काय? कोणी शिक्षक रजेवर गेला की पहिला हात त्यालाच लागत असणार. ऑफ तासाला कोणाला पाठवायचं नाही, असं लेखी आहे का?

फळा_खडू

लेखी आहे. तरी सर्दी-तापाच्या दिवसांत जातो. गेल्या वेळी आम्ही चौघी मधल्या सुट्टीत जिन्यात उभ्या राहून बोललो, नऊ नावं झाली.