हुसेन–मॅकमहोन पत्रव्यवहार : पॅलेस्टाइन देऊ म्हटलं होतं की नव्हतं?

डिचोलीची टीचर

नमस्कार. उच्च माध्यमिकला इतिहास शिकवते. बारावीला सध्या पहिलं महायुद्ध चालू आहे. माझ्या टिपणांत एकच वाक्य आहे : ब्रिटिशांनी अरबांना स्वातंत्र्याचं वचन देऊन तुर्कांविरुद्ध उठवलं आणि मग फसवलं. वर्गातल्या एका मुलाचे वडील कुवेतला नोकरीला आहेत. त्यानं विचारलं, "टीचर, पॅलेस्टाइन देऊ असं लिहून दिलं होतं का?" मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मक्केचा शरीफ एवढा भोळा कसा?" दोघांनाही नीट उत्तर द्यायचं आहे, आणि हातात एकच तास आहे. कोणी अभ्यास केला असेल तर सांगा.

मुरगावकर

टीचर, आधी त्या मुलीला उत्तर द्या. हुसेन, म्हणजे तो मक्केचा शरीफ (तिथला अरब अधिपती), भोळा नव्हता. त्याला तसा रंगवू नका, ही कळकळीची विनंती.

माझी सगळी नोकरी मुरगाव बंदरात माल मोजण्यात गेली. म्हणून असेल, पण १९१५-१६ मध्ये हुसेन आणि ब्रिटिशांत गेलेल्या या दहा पत्रांतलं मला सगळ्यात बोलकं वाटतं ते १८ फेब्रुवारी १९१६ चं. त्यात शरीफ हुसेन कैरोतल्या ब्रिटिश हाय कमिशनरला, म्हणजे सर हेन्री मॅकमहोनला, मागणी कळवतो : सैनिकांच्या पगारासाठी ५०,००० पौंड, तेही सोन्यात. तांदळाची २०,००० पोती, पिठाची १५,०००, जवाची ३,०००, कॉफी आणि साखर प्रत्येकी १५०. नव्या बनावटीच्या ५,००० बंदुका आणि त्यांची काडतुसं. शिवाय सूचना अशी की पैसे आधी हवेत. माल उठाव सुरू झाल्यावरच लागेल, तोवर तो पोर्ट सुदानला ठेवा, आम्ही कळवू तेव्हा पाठवा. उठावाआधी जेद्दाच्या धक्क्यावर ब्रिटिश माल उतरला असता तर तुर्कांना सगळं कळलं असतं. हे लिहिणारा माणूस स्वप्नात वावरणारा नाही. हेजाझमध्ये, म्हणजे मक्का-मदिनेच्या मुलखात, पिकत फार थोडं. धान्य समुद्रावरून यायचं, त्यात आपल्या हिंदुस्थानातलंही असायचं. आणि लाल समुद्र होता ब्रिटिश नौदलाच्या ताब्यात. माणसांच्या पोटाची सोय लावल्याशिवाय बंड होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

१ जानेवारी १९१६ चं पत्रही वाचून दाखवा. बैरुत आणि तो किनारा फ्रान्सला हवा आहे हे एव्हाना त्याला कळलेलं होतं. तो लिहितो की तुमच्या दोस्तीत वितुष्ट नको म्हणून आज तो विषय बाजूला ठेवतो, पण युद्ध संपताच पहिल्या संधीला मागणार. त्यानं हक्क सोडला नाही, पुढे ढकलला.

आता पॅलेस्टाइन. सगळा वाद २४ ऑक्टोबर १९१५ च्या पत्राचा. मॅकमहोन म्हणतो, हुसेननं मागितलेल्या सीमांच्या आत अरबांचं स्वातंत्र्य ब्रिटन मान्य करील, पण मर्सिन आणि अलेक्झांड्रेटा (आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचे) वगळून, तसंच दमास्कस, होम्स, हमा आणि हलब (अलेप्पो) यांच्या पश्चिमेचा सीरियाचा भाग वगळून. फळ्यावर नकाशा काढा. ही चार शहरं दक्षिणेकडून उत्तरेकडे जवळजवळ एका रांगेत आहेत, आणि त्यांच्या पश्चिमेला येतो आजचा लेबनॉन आणि सीरियाचा किनारा. जेरुसलेम त्या रांगेच्या खाली, दमास्कसच्याही दक्षिणेला. पत्रात पॅलेस्टाइनचं नाव कुठेच नाही. म्हणून अरब म्हणत आले की वगळलेलं नाही, म्हणजे आम्हाला दिलेलं आहे. १९२२ मध्ये चर्चिलनं सरकारतर्फे जाहीर केलं की ते वगळलेल्या भागातच होतं.

माझ्या मते त्या पत्रातलं खरं घातक वाक्य पुढचं आहे. ब्रिटन हे वचन देतं ते जिथे त्याला मित्र फ्रान्सच्या हिताला बाध न आणता वागता येईल तेवढ्याच भागापुरतं. फ्रान्सचं हित कुठवर पसरलंय हे हुसेननं कुठून ओळखावं?

पेडण्याचा वाचक

काकांनी कैरोची बाजू मांडली, मी सिमल्याची, म्हणजे हिंदुस्थान सरकारची, मांडतो. गोव्यातल्या मुलांना ती जास्त जवळची वाटेल.

हा मॅकमहोन आपल्याकडूनच गेलेला. त्याआधी तो हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव होता. १९१४ च्या सिमला करारातली मॅकमहोन रेषा, म्हणजे हिंदुस्थान आणि तिबेटमधली सीमा, त्याचीच. पण कैरोला गेल्यावर त्यानं जे कबूल केलं त्यावर व्हाइसरॉय हार्डिंग नाराज होता. आजच्या इराकमधलं बसरा बंदर नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी फौजेनं घेतलेलं, आणि ते आपल्याकडेच राहावं असं हिंदुस्थान सरकारला वाटत होतं. त्या २४ ऑक्टोबरच्या पत्रात बगदाद-बसऱ्यासाठी वेगळी प्रशासकीय व्यवस्था लागेल असं आहे, ते काही उगीच नाही.

आणि त्याच वेळी हिंदुस्थान सरकार दुसऱ्या अरब राजाशी बोलत होतं. २६ डिसेंबर १९१५ ला आखातातला ब्रिटिश अधिकारी पर्सी कॉक्स यानं दारीन या आखातातल्या ठिकाणी इब्न सौदशी तह केला. नज्द, हसा वगैरे मध्य आणि पूर्व अरबस्तानातला मुलूख त्याचा म्हणून मान्य केला, संरक्षणाची हमी दिली. पुढच्या जुलैत व्हाइसरॉय चेम्सफर्डनं तो कायम केला. म्हणजे हुसेनला अरबांच्या राज्याचं वचन कैरोहून, आणि त्याच्या शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला हमी आखातातून. १९२४ मध्ये मक्का घेतली ती याच इब्न सौदनं.

टीचर, आणखी एक. ७ डिसेंबर १९१५ पासून आजच्या इराकमधल्या कुतला तुर्कांचा वेढा पडला. आत सहावी पूना डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी. त्यांची भरती कोकण आणि देशावरची. इकडे पत्रांची देवघेव चालू होती आणि तिकडे ही माणसं शेवटी घोड्याच्या मांसावर आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. तासात दोन मिनिटं त्यांनाही द्या.

डिचोलीची टीचर

दोघांचेही मनापासून आभार. मराठा पलटणींचं मला खरंच माहीत नव्हतं. काका, मग "फसवलं" हा शब्द ठेवू की काढू?

मुरगावकर

ठेवा, पण कशात फसवलं ते तारखांनी दाखवा. २४ ऑक्टोबरला ते पत्र गेलं आणि पुढच्याच महिन्यात लंडनला फ्रान्सच्या पिकोशी बोलणी सुरू झाली. मे १९१६ मध्ये सायक्स-पिको करार झाला : सीरियाचा किनारा फ्रान्सकडे, बगदाद-बसरा ब्रिटनकडे, पॅलेस्टाइनचा बराचसा भाग आंतरराष्ट्रीय कारभाराखाली. जूनमध्ये हुसेननं मक्केत बंड पुकारलं, तेव्हा यातलं काही त्याच्यापुढे ठेवलेलं नव्हतं. करार उघड केला रशियातल्या बोल्शेविकांनी, नोव्हेंबर १९१७ मध्ये. त्याच महिन्याच्या २ तारखेला पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंच्या राष्ट्रीय निवासाबद्दलचं ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरचं पत्र निघालेलं. मग तुर्कांचा जमाल पाशा तोच करार दाखवून अरबांना म्हणू लागला, बघा तुमचे मित्र.

शब्दांच्या खेळापेक्षा मला हे जास्त लागतं. हुसेन, इब्न सौद, फ्रान्स, प्रत्येकाच्या हाती आपापला कागद. तिन्ही कागद एका टेबलावर आले असते तर त्यातला एकही सही होण्याजोगा राहिला नसता.

आणि त्या मुलाला सांगा, ब्रिटिश सरकारनं ही पत्रं अधिकृतपणे छापली ती थेट १९३९ मध्ये. तेव्हा नेमलेल्या समितीत ब्रिटिश बाजूनं आपलं म्हणणं सोडलं नाही, पण अरबांच्या म्हणण्यात आजवर वाटलं त्याहून जास्त जोर आहे हे मान्य केलं, आणि पॅलेस्टाइनच्या लोकांची इच्छा न विचारता त्याची विल्हेवाट लावायला ब्रिटन मोकळं नव्हतं हेही. त्याच्या प्रश्नाला ब्रिटननं स्वतः दिलेलं उत्तर एवढंच आहे.