अनुभव धागा : कामाच्या जागी ‘थांबा’ म्हणता येतं का?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी 23 वर्षं मेन्टेनन्समध्ये काढली. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका पोराचा हात पॉवर प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा साच्यात दाबणाऱ्या मशीनमध्ये, गेला. भेटायला गेलो तर त्याच्या आईनं मला एकच विचारलं, “काका, मशीन खराब होती तर त्यानं बंद का नाही केली?”

मी तिला उत्तर देऊ शकलो नाही. कारण उत्तर मला माहीत आहे. मशीन बंद केली की पहिला प्रश्न येतो, “कुणाला विचारून?” कारखान्याच्या ज्या शॉपवर हा प्रश्न येतो तिथं माणूस आधी मशीनची तक्रार करणं सोडतो, मग अंगात ताप असल्याचं सांगणं सोडतो, आणि एक दिवस झोप लागत नाही हेही घरी सांगत नाही. माझ्या डोळ्यांसमोर चांगली चांगली माणसं अशी गप्प होत गेली.

तुमचे साहेब, मुकादम, मॅनेजर कसे वागले आणि त्याचा तुमच्या जिवावर, मनावर काय परिणाम झाला ते लिहा. चांगलं घडलं असेल तर तेही लिहा. कंपनीचं नाव टाकू नका, माणसाचंही नको. ज्यांची नोकरी चालू आहे त्यांना उद्या त्रास नको.

प्रेस ऑपरेटर, सातपूर

काका, त्या पोराच्या जागी 4 वर्षांपूर्वी मी होतो. प्रेसला दोन हातांची बटणं होती. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आपोआप डायच्या (साच्याच्या) बाहेर राहतात. पण दोन्ही हात बटणावर ठेवले की पीस कमी निघतात. दिवाळीच्या आधी टार्गेट 1,800 वरून 2,200 वर नेलं आणि त्याच आठवड्यात एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून टाकलं. हात आत गेला की मशीन थांबवणारा पुढचा सेन्सर बायपास केला, म्हणजे चावीनं बंद करून ठेवला. बायपासची चावी सुपरवायझरच्या खिशात असायची. आम्ही सगळे बघत होतो, कुणी बोललं नाही. मी ठेकेदाराकडचा, मला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं असतं.

सेकंड शिफ्ट, रात्री पावणेदहा. डाव्या हाताची दोन पेरं गेली.

गाडीत बसल्यावर सुपरवायझर पाणी पाजत पाजत म्हणाला, “दवाखान्यात विचारलं तर घरी दारात सापडलं म्हण, पुढचं आम्ही बघून घेऊ.” मी तसंच सांगितलं. घरी झालं म्हटलं की कामावरच्या अपघाताचे विम्याचे हक्क अडकतात, हे मला नंतर कळलं. कामावर इजा झाली तर ईएसआयकडून (सरकारी कामगार विमा) बरं होईपर्यंत पगाराच्या साधारण 90 टक्के मिळतात, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड ते ठरवून पेन्शनसारखी रक्कम देतं. मला त्या दीड महिन्यात 5,000 रुपये मिळाले, तेही उचल म्हणून.

आता दुसरीकडे पॅकिंगला आहे. घरात कुकरची शिटी झाली तरी डावा हात मागे जातो. बायको आता शिटी व्हायच्या आत गॅस बंद करते.

द्राक्षाच्या पॅकहाऊसला जाणारी, पिंपळगावकडून

आम्ही सीझनला पहाटे पिकअपनं जातो. घड निवडायचे, कात्रीनं खराब मणी काढायचे, वजन करून पनेटमध्ये (प्लास्टिकच्या छोट्या डब्यात) भरायचे. हॉल गार ठेवतात, माल टिकायला पाहिजे म्हणून. बोटं बधिर पडली की कात्री लागते आणि लागलेलं लवकर कळतही नाही. मण्यावर रक्त दिसलं की कळतं.

पण त्याच्यापेक्षा जास्त त्रास बाथरूमचा होता. 40 बायांच्या लाईनीला एकच बिल्ला. तो मुकादमाकडून मागून घ्यायचा, सगळ्यांसमोर. तो विचारायचा, “परत?” पाळीच्या दिवसांत तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. दोन सीझन मला लघवीचं इन्फेक्शन झालं. कामावर निघायच्या आधी पोटात गोळा यायचा, भाकरी गिळायची नाही.

मागच्या साली नवीन मॅडम आल्या, शेतकी कॉलेजच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बिल्ला काढून टाकला. पाण्याचा जार लाईनीजवळ आणला. दर दोन तासांनी 10 मिनिटं हात शेकायला बाहेर उन्हात सोडायच्या. मालक म्हणाले माल कमी निघेल. माल कमी निघाला नाही, उलट परत करायचे पनेट कमी झाले. मॅडम नावानं हाक मारतात. माझं नाव त्या जागी मी पहिल्यांदा ऐकलं, तोवर मी “ए लाईन तीन” होते.

सिक्युरिटी गार्ड, सिन्नर

बदली माणूस आला नाही की माझीच पुढची ड्यूटी. सलग 36 तास उभा राहिलोय. मुलानं वाचून दाखवलं, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2021 मध्ये सांगितलंय की आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यापेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त. माझे तास मोजले, 84 भरले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती 1890 साली. मला 2 वर्षांत सुट्टी म्हणून रविवार मिळालेला नाही. 1948 च्या कारखाना कायद्यापासून जादा तासांना दुप्पट दर आहे म्हणतात. आमच्या पावतीवर तो रकानाच नाही.

वसुलीचं काम करणारा, पंचवटी

सकाळी साडेआठला कॉल. ज्याची वसुली कमी त्याला सगळ्यांच्या देखत उभं केल्यासारखं बोलतात. दिवसभर लाईव्ह लोकेशन चालू. चहाला थांबलो तरी फोन, “तिथं काय करतोयस?” संध्याकाळी ग्रुपवर यादी, माझं नाव लाल रंगात. तो ग्रुप वाजला की पोटात ढवळायचं. एकदा पेठ रोडच्या घाटात गाडी चालवताना वाटलं, आता हँडल सोडून दिलं तर उद्याचा कॉल तरी चुकेल. तिथंच गाडी बाजूला लावली आणि बराच वेळ बसून राहिलो.

त्या रात्री 14416 ला फोन केला. सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून, मोफत, 24 तास. मराठीत बोलता आलं. त्या ताईंनी मला आधी जेवलास का विचारलं. नोकरी अजून तीच आहे, दुसरी शोधतोय, पण घरात आता सगळ्यांना माहीत आहे. कुणाला असं वाटत असेल तर आजच फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका.

स्टाफ नर्स, नाशिक रोड

21 एप्रिल 2021 ला शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून 22 रुग्ण दगावले. मी तिथं नव्हते, पण त्या रात्री आमच्या वॉर्डात प्रत्येक जण दर 5 मिनिटांनी प्रेशर गेज बघत होता. सकाळी हँडओव्हरनंतर इन्चार्ज सिस्टरनी आम्हाला घरी सोडलं नाही. चेंजिंग रूममध्ये जमिनीवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, “रडायचंय तिनं इथं रडून घ्या, घरी लेकरं आहेत.” पुढचे दोन महिने रोज 15 मिनिटं तसं बसवलं. वरून विचारणा झाली तेव्हा त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. आमच्या बॅचमधली एकही मुलगी त्या काळात नोकरी सोडून गेली नाही, ती त्या 15 मिनिटांमुळे, असं मी आजही मानते.

सुपरवायझर, अंबड

सातपूरच्या भाऊंचं वाचून तीन दिवस झाले. मी दुसऱ्या कंपनीतला आहे, पण तशी चावी माझ्याही खिशात होती. कुणाचं बोट गेलं नाही हे माझं नशीब. मला वरून रोज आकडा विचारला जायचा आणि मी तो खाली ओरडून विचारायचो. घरी पोरावरही तसाच ओरडायला लागलो होतो.

नवीन प्लांट हेड आले त्यांनी सगळ्यांना सांगितलं, शंका आली तर हेल्परनंही मशीन थांबवायची. माझा विश्वास बसला नाही, कुणाचाच नाही. नाईटला एका 19 वर्षांच्या ट्रेनीनं प्रेस थांबवली. साहेब प्लांटमध्येच होते, खाली आले. पोरगा थरथरत होता. साहेबांनी विचारलं, “काय दिसलं तुला?” तो म्हणाला, “गार्ड हलतोय.” गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावलेलं कव्हर. मी जाऊन बघितलं, बोल्ट नुसत्या बोटानं फिरून हातात आला. साहेबांनी तो बोल्ट पोराच्या हातात ठेवला आणि पाठीवर थाप मारली. बायपासची चावी मी त्याच रात्री मेन्टेनन्सच्या कुलपात जमा केली.

धागा सुरू करणारा

सातपूरच्या भाऊंसाठी. ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः अर्ज करून विचारा. अपघाताच्या रात्रीचे दवाखान्याचे कागद, त्या महिन्याची हजेरी आणि सोबत असलेल्या एखाद्या कामगाराचं लेखी म्हणणं न्या. उशीर झालाय, मिळेलच असं मी सांगत नाही. मला सोमवारी दुपारनंतर वेळ आहे, मी सोबत येतो.