बागेतील झाडांत साठलेल्या कार्बनचे मूल्य कसे काढावे?

अलिबागकर
आमच्या वॉर्डातील बागेत आंबा, जांभूळ, उंडी आणि कडेने माड अशी जुनी झाडे आहेत. बागेचा काही भाग वाहनतळासाठी घेण्याची चर्चा असल्याने हरकतीच्या अर्जात झाडांतील कार्बनचे मूल्य मांडावे, असा विचार आहे. घेर मोजून झाले आहेत. पुढचा हिशेब कसा करावा? निसर्ग वादळात पडलेली झाडेही धरावीत का?

वनविद्या, दापोली
जमिनीपासून 1.3 मीटरवरील घेरावरून व्यास काढून त्याला उंची व लाकडाच्या घनतेची जोड द्यावी. 50 सेंटिमीटर व्यासाच्या, 12 मीटर उंच, 0.6 घनतेच्या झाडाचा जमिनीवरील जैवभार (झाडाचे सुके वजन) उष्णकटिबंधीय वृक्षांच्या प्रचलित सूत्राने सुमारे 950 किलो येतो. मुळांसाठी त्याचा चौथा हिस्सा मिळवून 0.47 ने गुणल्यास कार्बन, आणि त्याला 3.67 ने गुणल्यास कार्बन डायऑक्साइड मिळतो, जो येथे 2 टनांच्या आसपास भरतो. माड मात्र या सूत्रात घालू नयेत. त्यांचे खोड वयाबरोबर जाड होत नसल्याने हिशेब उंचीवरून करावा लागतो. 2020 च्या वादळात पडलेली झाडे सोडून द्यावीत. ती बहुधा चुलीत गेली किंवा कुजली आणि त्यांतला कार्बन हवेत परतला.

खाडीकाठ
खरी अडचण दराची आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2023 मध्ये हवेत सोडलेल्या एका टन कार्बन डायऑक्साइडने समाजाची होणारी हानी सुमारे 190 डॉलर धरली. त्या दराने वरील झाड 380 डॉलरचे होते, आणि टनाला 10 डॉलर भाव धरला तर तेच झाड अवघ्या 20 डॉलरचे ठरते. दर कोणता व का घेतला, हे अर्जात लिहिले नाही तर पहिल्याच सुनावणीत आकडा निकालात निघेल. शिवाय हा साठा आहे, वार्षिक उत्पन्न नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीचा झाडामागे वर्षाला 74,500 रुपयांचा आकडा (2021) अनेक जण येथे चिकटवतात, पण त्यातले 45,000 रुपये प्राणवायूचे आहेत.

माझ्या मते कार्बन पुरवणीत ठेवावा. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे वा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते, तेव्हा अर्जाच्या पहिल्या पानावर झाडांच्या वयाचा पुरावा यावा.