बसने आणि पायी : गोव्यातल्या तावेर्नांचे अनुभव

मित्रमंडळींनी मिळून दिवसभर एका तावेर्नातून (म्हणजे गावातल्या लहानशा मद्यालयातून) दुसऱ्या तावेर्नात जायचे, आणि तेही गाडी घरी ठेवून, केवळ बसने आणि पायी, अशी सहल ज्यांनी गोव्यात केली असेल त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. किनाऱ्यावरचे शॅक सर्वांना ठाऊक आहेत. वाड्यावरचे, चार बाकांचे तावेर्न, जेथे संध्याकाळी गावची माणसे कामावरून परतताना टेकतात, त्याविषयी वाचायला मला अधिक आवडेल. कुठे उतरावे, काय मागवावे, सोबत काय खावे, हेही लिहावे. गाडी नको असा आग्रह धरण्याचे कारण साधे आहे : कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क एवढीच आहे, आणि दुसऱ्या तावेर्नातून बाहेर पडताना आपण तिच्या आत आहोत असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. आलेली पत्रे लिहिणाऱ्याच्या गावाच्या नावाखाली पुढे दिली आहेत.

पणजीहून

आमची मंडळी कदंब (गोव्याची सरकारी बससेवा) बसस्थानकावर जमते आणि जुन्या गोव्याची बस धरते. तेथे उतरून व्हाइसरॉयच्या कमानीखालून चालत गेले की मांडवीचा धक्का लागतो आणि फेरीबोट दिवाडी बेटावर नेते. पायी प्रवाशाला तिचे भाडे पडत नाही. पलीकडे खाजनातून (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांतून) जाणारा रस्ता पिएदाद गावापर्यंत पोहोचवतो, आणि सकाळच्या उन्हात तेवढे चालल्यावर तावेर्नाच्या सावलीत बसण्याचा आनंद काही औरच असतो. ज्या ठिकाणी आम्ही नेहमी बसतो तेथे लाकडी अर्धी दारे आहेत, काचेच्या जुन्या कपाटात बाटल्या एका ओळीत मांडलेल्या आहेत आणि वर भिंतीत खुरसाजवळ (क्रुसाजवळ) लहानसा दिवा दिवसाही तेवत असतो. सोबतीला उकडलेले चणे मिळतात. दुपारच्या जेवणानंतर पात्रांव, म्हणजे मालक, दार ओढून घेतो आणि उन्हे कलल्याखेरीज ते उघडत नाही, म्हणून एक थांबा दुपारपूर्वी आणि पुढचे संध्याकाळी, अशीच आखणी करावी. मधला वेळ टेकडीवरच्या चर्चच्या आवारात सुखाने जातो.

वाळपईहून

आमच्या सत्तरी तालुक्यात यायचे असेल तर मार्च ते मे या महिन्यांत यावे, कारण तेव्हा हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू, असतो, आणि माझ्या मते गोव्याची खरी चव तीच आहे. पणजीहून साखळीमार्गे वाळपईची बस मिळते. पुढे गावागावांत जाणाऱ्या गाड्या कमी असल्यामुळे बरेच अंतर पायी तोडावे लागते, पण वाटेवर काजूचे मळे असल्याने त्या चालण्याचा कंटाळा येत नाही. झाडावरून आपोआप गळालेली बोंडेच आमच्याकडे वेचतात. ती कोळंबीत (बोंडे तुडवण्याच्या कुंडात) तुडवून रस काढतात, तो काही दिवस आंबवतात आणि मग भाटीवर, म्हणजे दारू गाळण्याच्या भट्टीवर, चढवतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक, आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. भाटीजवळ उभे राहिले तर लाकडांचा धूर आणि आंबलेल्या बोंडांचा वास एकमेकांत असा मिसळलेला असतो की घरी पोहोचल्यावरही तो कपड्यांतून जात नाही. तावेर्नात हुर्राक लिम्का, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. तो फेणीहून सौम्य असतो आणि उन्हात सरबतासारखा घशाखाली उतरतो, म्हणूनच त्याच्याबाबतीत सावध राहावे, कारण तो चढलेला उशिरा कळतो. पाऊस लागला की हंगाम संपतो. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा आम्हाला अभिमान आहेच, पण रात्र-रात्र जागून भाटी सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती त्यातून अधिक यावे, असे मनापासून वाटते.

मडगावहून

पणजीहून कदंबची शटल घ्यावी. तिकीट आधी खिडकीवर काढायचे असते आणि गाडी वाटेत थांबत नाही. पुढे कोलवा, बाणावलीकडे खासगी बसगाड्या सतत सुटतात. दक्षिणेत माडाची फेणी अवश्य मागावी, आणि लहान पेग मागावा. सोबत चोरीस पाव, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज घातलेला पाव.

फोंड्याहून

मी स्वतः मद्य घेत नाही, तरीही मैत्रिणींबरोबर आणि त्यांच्या यजमानांबरोबर अशा सहलींना हौसेने जाते, कारण तावेर्नात बसून ऐकायला मिळणाऱ्या गोष्टी इतरत्र मिळत नाहीत : यंदा खाजनाचा बांध कुठे फुटला, कोणाचा मुलगा आखातातून परतला, गावच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) कोणते बँडपथक ठरले. लिंबू सोडा मागितल्यावर बहुतेक ठिकाणी तितक्याच अगत्याने आणून देतात. एका ठिकाणी मात्र आम्हा बायकांना पाहून मालकाने आत जागा नाही असे सांगितले, बाके रिकामी असतानाही. त्याचे वाईट वाटले. शेजारच्याच वाड्यावर एका वयस्क बाईंच्या तावेर्नात आम्हाला हाक मारून बसवले, फणसाचे गरे पुढे ठेवले, आणि उठताना त्यांच्या तोंडून ‘देव बरें करूं’ हे कोकणी आभाराचे शब्द ऐकून मन भरून आले. बायकांनी जाऊ नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. उलट अधिक संख्येने जावे, म्हणजे जागा आपोआप होईल.

पुन्हा पणजीहून

वर एक गोष्ट लिहायची राहिली. परतीची शेवटची बस आणि शेवटची फेरी यांच्या वेळा सकाळीच कंडक्टरला आणि धक्क्यावर विचारून घ्याव्यात, कारण शहराबाहेर रात्री लवकरच गाड्या बंद होतात. आमच्या मंडळीत एकजण न पिणारा असतो आणि घड्याळ त्याच्याकडे सोपवलेले असते; तो उठला की अर्धा पेला तसाच ठेवून सगळे उठतात.